एकाच वहीतले दोन हिशेब

‘कॉपीराइटच्या तक्रारीमुळे हा व्हिडिओ उपलब्ध नाही’ ही ओळ मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी वाचलेली असते. बहुतेक वेळा कुणीतरी अख्खा सिनेमा चढवलेला असतो, तो उडतो, आणि आपण दुसरी लिंक शोधतो. पण कधीकधी उडालेल्या व्हिडिओत एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाची चिरफाड असते. भाषण सार्वजनिक, पुढारी सार्वजनिक, टीकाही सरळ. फक्त दहा सेकंदांचं फुटेज कुठल्यातरी वाहिनीचं. मग वाद पेटतो. एक गट म्हणतो, चोरी ती चोरी. दुसरा म्हणतो, हा तोंड दाबण्याचा प्रकार आहे. महिन्याभराने दुसऱ्या पक्षाच्या माणसाचा व्हिडिओ उडतो आणि हेच दोन गट जागा बदलून एकमेकांची वाक्यं म्हणू लागतात.

मी लिहून पोट भरणारा माणूस. माझा लेख नाव कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसला की माझं डोकं फिरतं. आणि एखाद्या पुस्तकावर टीका करताना त्यातला उतारा द्यायला लेखकाचीच परवानगी घ्या, असं कुणी म्हटलं की ते त्याहून जास्त फिरतं. म्हणजे मला कुलूपही हवं आणि दारही उघडं हवं. हा तिढा यूट्यूबने तयार केलेला नाही. तो साडेचारशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात लंडनमधल्या एका वहीत आहे.

राणी आणि छापखानेवाले

१५५७ साली इंग्लंडच्या गादीवर मेरी ट्यूडर होती. कट्टर कॅथलिक. तिला प्रोटेस्टंट पत्रकांनी हैराण केलं होतं. छापखाना ही तेव्हा तशी नवीच गोष्ट. एक माणूस रात्रीत शेकडो कागद छापून सकाळी बाजारात सोडू शकतो, ही कल्पनाच राज्यकर्त्यांची झोप उडवणारी होती. दुसरीकडे लंडनच्या छापखानेवाल्यांची आणि पुस्तकविक्रेत्यांची अडचण वेगळी होती. एकाने पैसे घालून पुस्तक छापलं की शेजारचा तेच स्वस्तात छापून विकायचा.

राणीने दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलं. ‘स्टेशनर्स कंपनी’ या व्यापाऱ्यांच्या संघटनेला तिने सनद दिली. छापण्याचा धंदा जवळपास पूर्णपणे या कंपनीच्या सभासदांकडे आला. बदल्यात कंपनीने सरकारचा पहारेकरी व्हायचं. तिचे लोक कुठल्याही छापखान्यात शिरून झडती घेणार, माल जप्त करणार, यंत्रं मोडणार.

कंपनीकडे एक वही असायची. पुस्तक छापायचं तर त्याचं नाव आणि छापणाऱ्याचं नाव त्या वहीत चढवायचं. एकदा नोंद झाली की ती ‘कॉपी’ त्याची; दुसऱ्या सभासदाने ती छापायची नाही. ‘कॉपीराइट’ या शब्दाचं मूळ या वहीत आहे. पण पुस्तक छापण्याआधी ते सरकारने किंवा चर्चने नेमलेल्या माणसाने तपासून मंजूर केलेलं असणंही अपेक्षित होतं. एकाच वहीत मालकीचा आणि पाळतीचा असे दोन हिशेब मांडले जाऊ लागले. झडतीला येणारा माणूसही एकच. चोरून छापलेलं बायबल आणि राणीविरुद्धचं पत्रक तो एकाच पोत्यात भरून न्यायचा.

या सगळ्यात लेखक कुठे होता? कुठेच नाही. हस्तलिखित एकदा विकलं की त्याचा संबंध संपला.

पुढच्याच वर्षी मेरी वारली आणि प्रोटेस्टंट एलिझाबेथ गादीवर आली. राज्याचा धर्म उलटा झाला. १५५९ मध्ये एलिझाबेथने सनद कायम केली. काल ज्या कुलपाने प्रोटेस्टंट पुस्तकं कोंडली होती, तेच आज कॅथलिक पुस्तकं कोंडू लागलं. कंपनीचं काही बिघडलं नाही. तिचा धंदा चालू राहिला.

मिल्टनची सही

१६४१ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्या भांडणात ‘स्टार चेंबर’ हे राजाचं दरारा असलेलं न्यायालय बंद झालं आणि त्याच्याबरोबर छपाईवरची बंधनंही गळून पडली. लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटला हे आवडायला हवं होतं. पण दोनच वर्षांत, १६४३ मध्ये, त्याच पार्लमेंटने छपाईपूर्व परवाना पुन्हा आणला. त्यासाठी सर्वांत जास्त खटपट स्टेशनर्स कंपनीने केली होती, कारण मोकळ्या छपाईत तिची वही कुणी विचारत नव्हतं.

कवी जॉन मिल्टन याने घटस्फोटाच्या बाजूने एक पुस्तिका विनापरवाना छापली होती. १६४४ मध्ये कंपनीने पार्लमेंटकडे त्याची तक्रार केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिल्टनने ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ ही पुस्तिका काढली. तीही विनापरवाना, पण मुखपृष्ठावर स्वतःचं नाव ठळक. छपाईआधीच्या परवान्याविरुद्धचं हे आजही सर्वांत प्रसिद्ध लिखाण आहे. शाळा-कॉलेजात त्यातला उदात्त भाग शिकवतात. शेवटाकडचा एक भाग मात्र सहसा वगळला जातो. तिथे मिल्टन सांगतो की या परवान्याच्या हुकमामागे जुन्या मक्तेदार पुस्तकविक्रेत्यांचा डाव असावा. धर्म आणि शांततेच्या नावाखाली कुणाचा तरी गल्ला सांभाळला जातो आहे, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

त्याचं पुढचं आयुष्यही विसरता येत नाही. कॅथलिकांना हे स्वातंत्र्य असावं, असं मिल्टनला त्या पुस्तिकेतही वाटत नव्हतं. आणि त्याचा पक्ष सत्तेवर आल्यावर, १६५१च्या सुमारास, सरकारी बाजूचं एक वृत्तपत्र तपासून मंजूर करण्याचं काम त्याच्याच टेबलावर आलं. त्याने ते केलं.

दोन शिव्यांची दोन नावं

राजेशाही परतली आणि १६६२ मध्ये नवा परवाना कायदा आला. रॉजर लेस्ट्रेंज नावाचा छपाईचा मुख्य तपासनीस नेमला गेला. १६६३ मध्ये त्याच्या माणसांनी जॉन ट्विन या छापखानेवाल्यावर धाड घातली. ट्विन एक राजद्रोही पत्रक छापत होता. लेखकाचं नाव त्याने सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे शहराच्या वेशींवर टांगले. कायदा मोडण्याची कमाल किंमत काय, हे लंडनच्या प्रत्येक छापखानेवाल्याने येताजाता पाहिलं.

हा कायदा मुदतीचा होता. पार्लमेंटने वेळोवेळी त्याची मुदत वाढवायची. १६७९ मध्ये ती वाढवायची राहून गेली, कारण पार्लमेंटमध्ये वेगळंच रण माजलं होतं. राजाच्या कॅथलिक भावाला गादीचा हक्क द्यायचा की नाही, यावरून देश दुभंगला होता. राजकीय पक्ष या भांडणात जन्मले आणि त्यांची नावं विरोधकांनी ठेवली. ‘व्हिग’ ही स्कॉटलंडच्या बंडखोर कर्मठांसाठीची शिवी, ‘टोरी’ ही आयर्लंडच्या वाटमाऱ्यांसाठीची. दोन्ही गटांनी पुढे त्या शिव्याच बिरुदासारख्या मिरवल्या. परवाना नसल्यामुळे दोघांचीही वर्तमानपत्रं निघाली, एकमेकांवर तुटून पडली. १६८५ मध्ये तो कॅथलिक भाऊ, दुसरा जेम्स, राजा झाल्यावर कायदा परत आला.

माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण यानंतर घडलं. जेम्सला हाकलून विल्यम आणि मेरी गादीवर आले होते. परवाना-अधिकारी होता जेम्स फ्रेझर, व्हिगांकडे झुकलेला. १६९२ मध्ये त्याने एका पुस्तकाला परवाना दिला. शिरच्छेद झालेला राजा पहिला चार्ल्स याच्या नावावरचं एक ग्रंथरूप आत्मनिवेदन प्रत्यक्षात दुसऱ्यानेच लिहिलं होतं, असं ते पुस्तक म्हणत होतं. टोरींचा देव्हाराच हलला. त्यांनी एवढा गदारोळ केला की फ्रेझरला जावं लागलं.

त्याच्या जागी आला एडमंड बोहन, पक्का टोरी. आता व्हिगांची पुस्तकं अडकू लागली. तेव्हा चार्ल्स ब्लाउंट नावाच्या व्हिग लेखकाने त्याच्यासाठी सापळा लावला. बोहनचं मत असं होतं की विल्यम आणि मेरी यांनी हा देश जिंकून घेतला आहे, म्हणून त्यांची आज्ञा पाळायची. ब्लाउंटने नेमकं हेच मत मांडणारी पुस्तिका निनावी लिहिली आणि परवान्यासाठी पाठवली. बोहनने खुशीत शिक्का मारला. पुस्तिका बाहेर येताच पार्लमेंट खवळलं: आम्ही काय जिंकलेली रयत आहोत? १६९३च्या जानेवारीत पुस्तिका जाळण्याचा हुकूम झाला आणि बोहनची नोकरी गेली.

एका वर्षात दोन परवाना-अधिकारी दोन विरुद्ध बाजूंनी खाल्ले गेले. कुलपाची किल्ली आपल्या माणसाकडे असेल तर ती चांगली, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. पण ती कायम आपल्याच माणसाकडे राहील, याची खात्री आता दोघांनाही वाटेनाशी झाली.

ब्लाउंटची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याने छपाई-स्वातंत्र्याच्या बाजूने दोन पुस्तिका लिहिल्या. त्यांतला बराचसा मजकूर त्याने मिल्टनच्या ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’तून उचलला होता. आजच्या भाषेत कॉपी-पेस्ट. मिल्टनचा विचार पन्नास वर्षांनी नव्या वाचकांपर्यंत पोचला, त्यात या उचलेगिरीचा हात होता. ब्लाउंटला चोर म्हणावं की प्रचारक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्वातंत्र्याचा रटाळ दस्तावेज

१६९५ मध्ये कायद्याची मुदत पुन्हा संपली आणि पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने ती वाढवायला नकार दिला. वरच्या सभागृहाला त्याची कारणं कळवण्यात आली. एकूण अठरा कारणं. इंग्रजी वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा जन्मदाखला म्हणावा असा हा कागद आहे, आणि त्यात विचारस्वातंत्र्यावर एकही तेजस्वी वाक्य नाही. कंपनीच्या मक्तेदारीने पुस्तकं महाग होतात. परदेशातून आलेली पुस्तकं जकात नाक्यावर अडकून खराब होतात. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय ते कायद्यात कुठे सांगितलेलंच नाही. झडतीच्या नावाखाली लोकांच्या घरात शिरतात. अशी सगळी यादी.

यामागे तत्त्वज्ञ जॉन लॉक होता. खासदार एडवर्ड क्लार्क हा त्याचा मित्र, आणि लॉकने त्याला कायद्याच्या एकेका कलमावर टिपणं लिहून दिली होती. लॉकची चीड फार व्यावहारिक होती. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या लॅटिन लेखकांच्या ग्रंथांवर लंडनच्या कंपनीची मालकी कशी? हयात लेखकाकडून हक्क विकत घेतला असेल तर मृत्यूनंतर ५० किंवा ७० वर्षांची मर्यादा घाला, असं त्याने सुचवलं. आज जगभरच्या कायद्यांत जवळपास हेच आकडे आहेत.

मला हा रटाळ कागद आवडतो. मोठ्या तत्त्वावर मत मागितलं असतं तर व्हिग आणि टोरी कधीच एकत्र आले नसते. महाग पुस्तकं आणि घरात शिरणारे झडतीवाले, यांवर आले.

लेखक मंचावर येतो

कायदा गेला आणि कंपनीच्या वहीचं वजन गेलं. पुढची काही वर्षं पुस्तकविक्रेते परवाना परत आणा म्हणून पार्लमेंटच्या पायऱ्या झिजवत राहिले. दोन्ही पक्षांना धास्ती एकच, उद्या परवाना-अधिकारी त्यांचा असला तर? तेव्हा विक्रेत्यांनी सूर बदलला. आमचा धंदा बुडतो, असं म्हणणं त्यांनी सोडलं. बिचाऱ्या लेखकाचं आणि त्याच्या बायकापोरांचं काय, असं ते विचारू लागले. दीडशे वर्षं ज्याला वहीत जागा नव्हती, त्याला हाताला धरून पुढे आणण्यात आलं.

लेखकांच्या बाजूने खरंच बोलणारा एक माणूस होता, डॅनियल डिफो. तेव्हा ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिलं जायचं होतं. १७०२च्या अखेरीस त्याने एक निनावी पुस्तिका काढली. चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना कसं संपवावं, याचं कडव्या टोरी आवाजात केलेलं ते विडंबन होतं. काही टोरींना ते मनापासून पटलं! विडंबन आहे हे कळल्यावर सरकारने त्याला पकडलं. १७०३च्या जुलैमध्ये तीन दिवस तो लंडनच्या चौकांत खोड्यात उभा होता. पुढे रॉबर्ट हार्ली या मुत्सद्द्याने त्याला तुरुंगातून सोडवलं आणि आपल्या कामाला लावलं. डिफो त्याच्यासाठी वर्तमानपत्र चालवू लागला. स्वतंत्र लेखणी आणि पक्षाची पगारी लेखणी, दोन्ही एकाच माणसाच्या हातात.

१७०४ मध्ये डिफोने छपाईच्या नियमनावर निबंध लिहिला. परवाना नको, असं तो म्हणाला. पण प्रत्येक लिखाणावर कुणाचं तरी नाव हवं. गुन्हा असेल तर त्या माणसाला पकडा. आणि नाव देण्याची जोखीम तो घेणार असेल, तर त्याच्या पुस्तकावर त्याचा हक्कही माना. शिक्षा आणि मालकी एकाच सहीला चिकटलेली. जुन्या वहीतले दोन हिशेब आता लेखकाच्या नावाखाली आले.

१० एप्रिल १७१० रोजी राणी अ‍ॅनच्या काळातला तो प्रसिद्ध कायदा लागू झाला. नव्या पुस्तकावर १४ वर्षं हक्क, लेखक हयात असेल तर आणखी १४. आधीच छापलेल्या पुस्तकांना २१ वर्षं. हक्काचा पहिला धनी लेखक. नोंद कंपनीच्या वहीतच करायची, पण मजकूर मंजूर करणारा कुणी नाही. जगातला पहिला कॉपीराइट कायदा म्हणून आज याचीच ओळख सांगतात.

पण याच पार्लमेंटने त्याच महिन्यांत आणखी एक काम केलं. हेन्री सॅशेव्हरेल या टोरी पाद्र्याने व्हिग सरकारवर आग ओकणारं प्रवचन दिलं होतं. ते छापलं गेलं आणि त्याच्या लाखभर प्रती खपल्या असाव्यात, असा अंदाज आहे. व्हिगांनी त्याच्यावर पार्लमेंटमध्ये खटला भरला. लंडनमध्ये दंगल झाली. मार्चमध्ये निकाल लागला: तीन वर्षं प्रवचनबंदी, आणि छापील प्रवचन जाहीरपणे जाळायचं. एका हाताने लेखकाच्या हक्काचा कायदा, दुसऱ्या हाताने छापील कागदाची होळी. जनता चिडली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत टोरी प्रचंड बहुमताने आले. १७१२ मध्ये त्यांच्या सरकारने वर्तमानपत्रांवर मुद्रांक कर बसवला. लहान कागदाला अर्धा पेनी, मोठ्याला एक, जाहिरातीला एक शिलिंग. परवाना मागायची आता गरज उरली नव्हती.

मेकॉले इथे आणि तिथे

विक्रेत्यांनी यानंतरही हार मानली नाही. मुदत संपली तरी मूळ हक्क कायमचा असतो, असं ते कोर्टात भांडत राहिले. १७७४ मध्ये अलेक्झांडर डोनाल्डसन या स्कॉटिश विक्रेत्याच्या खटल्यात वरच्या सभागृहाने हा दावा फेटाळला. कॉपीराइट हा कायद्याने दिलेला, मुदतीचा हक्क आहे, हे तेव्हा पक्कं झालं. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानाविरुद्ध बड्या प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं: कॉपीराइट हा काही निसर्गाने किंवा देवाने दिलेला हक्क नव्हे.

लंडन ते दिल्ली हा प्रवास ज्यांच्या हातून झाला, त्यांतला एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. आपल्याकडे तो इंग्रजी शिक्षणाच्या टिपणासाठी बदनाम आहे. पण त्याच वर्षी, १८३५ मध्ये, कलकत्त्यात हंगामी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ याने बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले वृत्तपत्र-परवान्याचे नियम रद्द केले, त्या कायद्याचा मसुदा मेकॉलेचा होता. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघालं ते जुन्या नियमांखाली. आता ती परवान्याची कटकट गेली. छापणाऱ्याने आणि प्रकाशकाने आपलं नाव-पत्ता नोंदवायचा, एवढंच उरलं. डिफोची सही पुन्हा एकदा.

इंग्लंडला परतल्यावर १८४१ मध्ये, कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालावा या प्रस्तावाविरुद्ध मेकॉले पार्लमेंटमध्ये उभा राहिला. त्याचा एक मुद्दा पैशांचा होता. ‘पॅराडाइज लॉस्ट’साठी मिल्टनला सुरुवातीला मिळाले पाच पौंड. पुढे पुस्तकविक्रेते त्या काव्याच्या हक्कासाठी कोर्टात जात होते, तेव्हा मिल्टनची नात दारिद्र्यात होती. लांब मुदतीचा फायदा नातवंडांना होतो, हे खोटं आहे, असं तो म्हणाला.

दुसरा मुद्दा जास्त खोल होता. एखादी कादंबरी अश्लील वाटणारा धार्मिक नातू तिच्या हक्काचा मालक झाला तर? तो ती पुन्हा छापूच देणार नाही. कुठल्याही सरकारी हुकमाशिवाय पुस्तक नाहीसं होईल. मालकी हीच सेन्सॉरशिप होऊ शकते, हे इतक्या स्पष्टपणे आधी फार थोड्यांनी सांगितलं होतं. प्रस्ताव त्या वेळी पडला.

वही हिंदुस्थानात

इकडे कंपनी सरकारने १८४७ मध्ये हिंदुस्थानासाठी कॉपीराइट कायदा केला, आणि १८५७च्या उठावाने हादरलेल्या ब्रिटिश सरकारने १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा. या दुसऱ्या कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करायच्या. त्यांवरून इलाख्याइलाख्यातून दर तिमाहीला यादी निघायची: पुस्तकाचं नाव, भाषा, विषय, लेखक, छापखाना, किती प्रती, किंमत काय. देशी भाषांत काय छापलं जातंय, हे साहेबाला इंग्रजीत वाचायला मिळायचं. त्याच यादीत आणखी एक रकाना होता, कॉपीराइटच्या मालकाचं नाव आणि पत्ता. दोन रुपये भरले की ही नोंद १८४७च्या कायद्याखालची कॉपीराइटची नोंद समजली जायची.

तीनशे वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, तीच वही. पाळत आणि मालकी शेजारीशेजारी.

आणि त्याच पक्षीय सावल्याही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने फक्त देशी भाषांतल्या पत्रांचा गळा आवळणारा कायदा केला. लिटन कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारचा, म्हणजे जुन्या टोरींच्या वारसांचा माणूस. विरोधी बाकांवरच्या ग्लॅडस्टनने लंडनमध्ये त्यावर टीका केली आणि त्याचा लिबरल पक्ष सत्तेवर आल्यावर लॉर्ड रिपनच्या काळात तो कायदा रद्द झाला. राजद्रोहाचं १२४-अ कलम मात्र लिबरलांनीही ठेवलं. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांना शिक्षा झाली ती त्याच कलमाखाली.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या ५२व्या कलमात टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी दुसऱ्याचा मजकूर योग्य प्रमाणात वापरण्याची मुभा आहे. १९९२ मध्ये, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत असताना, मृत्यूनंतरची ५० वर्षं वाढवून ६० केली गेली.

मालकी आणि पक्षीय राजकारण यांची गाठ महाराष्ट्रानेही पाहिली. १९८७ मध्ये राज्य सरकारने डॉ. आंबेडकरांचं अप्रकाशित ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून शिवसेनेने विरोध केला. ते वगळू नये म्हणून दलित संघटना मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. काँग्रेस सरकारने मजकूर ठेवला आणि या मतांशी सरकार सहमत नाही, अशी टीप जोडली. प्रकाशक सरकार असलं की पुस्तकाचं भवितव्य मोर्चांच्या आकारावर ठरू शकतं. याउलट ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’सारखी बाबासाहेबांनी हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ पासून सर्वांची झाली आहेत. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ त्याआधीच, २०११ मध्ये. ती छापू नका, असं मालकीच्या जोरावर आता कुठलं सरकार, कुठला पक्ष, कुठला नातेवाईक सांगू शकत नाही. मेकॉलेच्या भीतीला उत्तर मिळालं आहे, फक्त त्यासाठी साठ वर्षं थांबावं लागलं.

मोबाइलवर कुणी साठ वर्षं थांबत नाही. १९९८च्या अमेरिकी कायद्यानुसार तक्रार आली की संकेतस्थळं मजकूर उतरवतात. समोरच्याने लेखी हरकत घेतली तरी तो परत यायला कामकाजाचे दहा ते चौदा दिवस जातात. भारतीय कायद्यात तात्पुरत्या बंदीची मुदत २१ दिवसांची आहे. २००८ च्या ऑक्टोबरात जॉन मॅकेन यांच्या प्रचारपथकाला हा हिशेब कळला. वृत्तवाहिन्यांच्या तक्रारींवरून त्यांचे प्रचार-व्हिडिओ यूट्यूबवरून उतरत होते आणि मतदानाला तीन आठवडे उरले होते. राजकीय प्रचाराचे व्हिडिओ उतरवण्याआधी तपासून बघा, असं त्यांच्या वकिलाने लिहिलं. उमेदवारांना वेगळी वागणूक देणार नाही, असं यूट्यूबने कळवलं. सामान्य माणसाला हा त्रास दहा वर्षं होत होता. पार्लमेंट असो की काँग्रेस, कुलूप स्वतःच्या तोंडाला लागल्याशिवाय ते कुणाला दिसत नाही.

म्हणून विरोधी बाजूचा व्हिडिओ उडाल्याचा आनंद होतो तेव्हा मी फ्रेझर आणि बोहन यांची आठवण काढतो. मग तीन प्रश्न विचारतो. मजकूर उडवणाऱ्याचं खरोखर पैशांचं नुकसान होत होतं का? वापर टीकेपुरता होता का? आणि हीच तक्रार माझ्या बाजूच्या व्हिडिओवर आली असती तर मला चालली असती का? पहिल्या दोन प्रश्नांसाठी ५२वं कलम चाळावं लागतं. तिसऱ्यासाठी काहीच चाळावं लागत नाही, तरी तोच सर्वांत जड जातो.